मनगटावरची शाईची रेघ

"आँखें बंद रखिए, भाभीजी. जहाँ चुभे, हाँ कह दीजिएगा."

सुचित्रानं डोळे मिटले. डॉक्टर रिज़वींनी टाचणी तिच्या करंगळीला टोचली. काही नाही. अंगठ्याला टोचली. काही नाही. तळहातावर तव्याचा फोड होता, आठ दिवसांचा, अजून ओला. त्याच्या कडेला टोचली तेव्हा नंदकुमारच खुर्चीत दचकला. सुचित्रा शांत. टाचणी सरकत सरकत हिरव्या बांगड्यांपर्यंत आली.

"हाँ!" ती म्हणाली. "आई गं. हाँ."

डॉक्टरांनी बांगड्या हलकेच वर सारल्या, खिशातलं बॉलपेन काढलं आणि मनगटाभोवती एक निळी रेघ मारली. पूर्ण गोल. अनघाच्या लग्नात भरलेल्या चुड्याखाली आणखी एक बांगडी घातल्यासारखी.

"देखिए इंजीनियर साहब. अँगूठे की नस अलग रास्ते से आती है, छोटी उँगली की अलग. नस ख़राब हो तो हाथ की एक पट्टी जाती है, आधा हिस्सा जाता है. पूरा पंजा, बिल्कुल कलाई तक, दस्ताने की तरह? नसें ऐसे चलती ही नहीं."

"मग?" नंदकुमारच्या तोंडून मराठीच निघालं. "मतलब, हाथ ख़राब नहीं है?"

"हाथ अच्छा-भला है. सारी रिपोर्टें साफ़ हैं."

नंदकुमारनं सुचित्राकडे पाहिलं. ती मांडीवरच्या आपल्या हाताकडे बघत होती. गाडीत शेजारणीनं जरा सांभाळा म्हणून दिलेल्या मुलाकडे बघावं तशी. पोर आपलं नाही, पण पडू द्यायचं नाही.

"तो फिर ये..." त्यानं आवाज खाली आणला. "मतलब, ख़ुद से?"

"जान-बूझकर गरम तवा कौन पकड़ता है, साहब?" डॉक्टर हळूच म्हणाले. "ये नाटक नहीं है. ये लफ़्ज़ घर में कोई न बोले. पुराने लोग हिस्टीरिया कहते थे, मुझे पसंद नहीं. अब किताबों में कन्वर्ज़न लिखते हैं. कोई बात ज़बान तक नहीं आ पाती, तो जिस्म में उतर जाती है. इन्हें ख़ुद नहीं पता कौन सी बात." मग ते सुचित्राकडे वळले. "कब से है, भाभीजी?"

"बारह दिसंबर. सोमवार था. माँ को चिट्ठी लिखने बैठी थी." ती नीट आठवून सांगत होती, शाळेतल्या मुलीसारखी. "'ती. आईस' इतना लिखा, और पेन गिर गया. उठाने गई तो हाथ ही नहीं था."

"घर में किसी और का हाथ ख़राब रहा है? दायाँ?"

"नहीं," नंदकुमार म्हणाला.

"माँ का," सुचित्रा म्हणाली.

दोघं एकदम बोलले. डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं.

"मेरी माँ का," सुचित्रा पुढे बोलत राहिली. "मिरज में हैं. बेटी की शादी से चार दिन पहले गिर गईं. दायाँ हाथ टूटा. प्लास्टर है, इसलिए चिट्ठी नहीं आती. भाई भी उन्हें छोड़कर नहीं आ पाया. नहीं तो हमारे यहाँ दुल्हन को मंडप में मामा ही लाता है. मेरी अनघा को इनके एक दोस्त लेकर आए."

"आप देख आईं उन्हें?"

"संक्रांत के बाद जाऊँगी. ये कहते हैं, संक्रांत हो जाए."

डॉक्टरांनी कंपाउंडरला हाक मारून तिला ब्लडप्रेशर बघायला बाहेरच्या खोलीत पाठवलं. दार लागलं. नंदकुमार भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. जानेवारी पंच्याण्णव, सहा तारीख, शुक्रवार.

"गिरी नहीं थीं," तो म्हणाला. "चली गईं. तेईस नवंबर को, सुबह."

"और हाथ?"

"वो मैंने बनाया."

बोलल्यावर ते त्याला स्वतःलाच ऐकू आलं. पाय म्हणता आलं असतं. कंबर म्हणता आली असती. पण म्हातारी दर गुरुवारी पत्र टाकायची, सव्वीस वर्षं, एक गुरुवार चुकला नव्हता. पत्र का येत नाही याला कारण हवं होतं. लिहिणारा हातच मोडायला हवा होता.

"आपने उन्हें एक तकलीफ़ सुनाई थी," डॉक्टर म्हणाले, "उन्होंने पहन ली."

"बता दूँ तो हाथ ठीक हो जाएगा?"

"ये मैं नहीं कह सकता. हो सकता है दो-चार दिन और बिगड़े. हो सकता है कुछ भी न हो, और धीरे-धीरे, बातचीत से, कसरत से लौटे. मगर झूठ के ऊपर मेरा कोई इलाज नहीं टिकेगा." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "और साहब, बताइएगा आप ही. कोई दूसरा न बताए."

येताना ऑटोत सुचित्रानं मनगट दोनदा उजेडाकडे धरून पाहिलं.

"बघा ना," ती म्हणाली, "कुठून मी सुरू होते ते कळलं."

नंदकुमारनं धुक्याकडे तोंड केलं.

*

रविवारी सरोज विकास नगरहून आली ती नवऱ्याच्या स्कूटरवर मागे शेगडी मांडीत घेऊन. वर चंद्रकांतचा टोमणा. "बघ रे नंदू, तुझ्या ताईला रस्त्यात लोक नमस्कार करत होते. वाटलं, हवन निघालंय."

"तुम्ही गप्प बसा. सुचित्रा कुठाय?"

सुचित्रा आतल्या खोलीत पलंगाला टेकून बसली होती. अंगावर शाल, हात शालीत. समोर परात, वाटीत खसखस, पातेल्यात पाक. अनघाची पहिली संक्रांत शनिवारी. शुक्रवारी ती आणि जावई नागपूरहून लखनौच्या चारबाग स्टेशनवर उतरणार. काळी साडी घेऊन झाली होती. हलव्याचे दागिने तेवढे बाकी होते, आणि हलवा या घरात सुचित्राच करायची. कोमट परातीत खसखस, वर पाकाचा एकेक चमचा, आणि बोटांनी सारखं फिरवत राहायचं, तासन्‌तास, तेव्हा कुठे दाण्याला काटा फुटतो.

सकाळपासून धाकटी सानिका फिरवत होती. काटा नव्हता. गोळे झाले होते.

"हळू गं," सुचित्रा सांगत होती. "बोटांना चटका बसला पाहिजे, पण भाजायला नको."

"मम्मी, ये तो मेरे से नहीं होगा."

"सरक," सरोज म्हणाली आणि पदर खोचून बसली. तिनंही तासभर फिरवलं. मग पाणी प्यायच्या निमित्तानं उठली आणि स्वयंपाकघरात भावाला गाठलं.

"डॉक्टर काय म्हणाले ते सांग. सगळं सांग."

नंदकुमारनं सांगितलं. ओट्याला टेकून, दाराकडे लक्ष ठेवून. सरोज मध्ये बोलली नाही, हे तिच्या बाबतीत नवीनच.

"म्हणजे तिला काही झालेलं नाही," शेवटी ती म्हणाली.

"ताई, असं नाही."

"तूच म्हणालास, नसा ठीक आहेत."

"आमच्याकडे सिग्नल असतो ना," नंदकुमार म्हणाला. त्याला दुसरी भाषाच येत नव्हती, आयुष्य रेल्वेच्या सिग्नलमध्ये गेलं होतं. "कुठेही बिघाड झाला, तार तुटली, वीज गेली, तर तो लाल होतो. हिरवा कधीच होत नाही. तसाच बनवलाय. लाल झाला म्हणजे सिग्नल वाईट नाही. पुढे काहीतरी आहे, गाडी नेऊ नका, एवढंच तो सांगतो."

"पुढे काय आहे?"

"आपण आहोत, ताई. तू आणि मी."

सरोजनं फुलपात्र खाली ठेवलं.

तो बुधवार तिला तसाच्या तसा दिसत होता. दुपारी नंदू ऑफिसातून थेट तिच्याकडे आला होता. मिरजेहून मेव्हण्याचा, सुधीरचा, फोन ऑफिसात आला, आई पहाटे गेली म्हणून. घरी मांडव पडलेला, अनघाच्या मेंदीची तयारी. नंदू तिच्या दारात लहान मुलासारखा उभा. ताई, काय करू? आणि तिनं क्षणात ठरवलं होतं. कळलं तर सुतक. कळलंच नाही तर कशाचं सुतक? घरी जा, आधी अंघोळ कर, जावई आहेस. आणि तोंड मिट. सुधीरला परत फोन करून तूही मिट म्हणून सांग.

तिला दुसरं काही सुचलं नव्हतं. तिच्या स्वतःच्या साखरपुड्याच्या सकाळी आजोबांची तार आली होती. पानं मांडलेली तशीच उचलली. मुलाकडचे चहा न घेता उठले, आणि मग पायगुण वाईट म्हणून पुन्हा आलेच नाहीत. मुलाचं नाव श्रीपाद. कपाळावर जखमेची खूण होती, हसला की वर जायची. नंतर सात वर्षं तिला कोणी पाहायला आलं नाही. चंद्रकांत चांगला निघाला, प्रश्न तो नाही. पण अजूनही कुठे पानं मांडलेली दिसली की सरोजचं लक्ष आधी दाराकडे जातं. तार घेऊन कोणी येत तर नाही ना.

"शनिवार होऊ दे," ती म्हणाली. "पोरीची पहिली संक्रांत आहे, नंदू. काळी साडी, हलव्याचे दागिने, एकदाच असतं. रविवारी सांग. मी स्वतः बसते तिच्याजवळ."

"लग्न होऊ दे म्हणालीस. मग पाठवणी होऊ दे. मग मांडवपरतणं. ताई, सण संपत नाहीत."

"मी वाईटासाठी केलं का?"

"नाही."

"मग माझ्याकडे असं बघू नकोस."

दारात चंद्रकांत उभा होता. हातात बिघडलेल्या हलव्याचा गोळा, तोंडात अर्धा. "सरोजच्या हलव्याला काटा येत नाही," तो म्हणाला, "जिभेला येतो." पण कोणी हसलं नाही, आणि त्याचंही हसू मग उरलं नाही. "नंदू, माझं मत विचारशील तर..."

"तुम्हाला कोणी विचारलं नाही," सरोज म्हणाली.

"हो ना. लग्नाच्या वेळीही कोणी विचारलं नव्हतं."

*

सुचित्राला आतून नुसती कुजबुज ऐकू येत होती. शब्द नाहीत. गेले काही आठवडे या घरात अशी कुजबुज असते, ती खोलीत आली की थांबते. माझ्या हाताबद्दल बोलत असतील, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

शालीत तिनं डाव्या हातानं उजवा हात धरला. थंड, जड, उशीसारखा. तिला तो कापून टाकावासा वाटत नव्हता की बरा व्हावा असंही फार वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर सगळे घाबरले होते तेवढी ती घाबरलीच नव्हती. रिकाम्या वेळी ती त्याच्याकडे बघायची आणि तिला आईचा हात दिसायचा, पांढऱ्या प्लास्टरमधला, गळ्यात झोळी. दीड-दोन हजार किलोमीटरवर आई अशीच बसली असेल. अशीच डाव्या हातानं पाणी पीत असेल. एवढ्या वर्षांत लखनौ आणि मिरज इतकं जवळ कधी आलं नव्हतं.

"सानिका," ती म्हणाली, "अंतर्देशीय आण. आजीला पत्र लिहू."

"मम्मी, मेरी मराठी राइटिंग देखी है आपने?"

"आजीनं माझी पहिलीतली पाहिलीय. लिही."

सानिकानं हात धुतले, पुस्तकावर निळं पत्र पसरलं, पलंगाशी खाली मांडी घातली. आत्या येऊन पुन्हा परातीपाशी बसली. मागोमाग फूफाजीही येऊन वेताच्या मोड्यावर टेकले. फूफाजी हे सानिकाचंच, मराठीत आतोबा म्हणायला तिला हसू यायचं.

"ती. आईस, साष्टांग नमस्कार," सुचित्रा डोळे मिटून सांगू लागली. "अक्षर सानिकाचं आहे, रागावू नकोस."

"ये मत लिखवाओ ना."

"लिही. माझा हात अजून तसाच आहे. पण शुक्रवारी मोठ्या डॉक्टरांकडे गेलो होतो, ते म्हणतात हात चांगला आहे. तेव्हा तू काळजी करू नकोस. तुझं प्लास्टर आता निघालं असेल. सहा आठवड्यांनी काढतात ना? मी दिवस मोजत होते."

सानिका लिहीत होती. पाकाचा चमचा परातीच्या काठावर वाजला आणि मग वाजायचा थांबला.

"प्लास्टर काढल्यावर हात हलका लागतो म्हणे. आपला वाटत नाही. माझाही वाटत नाही. तुला कसा वाटतो ते कळव. मी डाव्या हातानं जेवते. तू बघितलं असतंस तर पाठीत धपाटा घातला असतास. मग आठवलं, तूसुद्धा डाव्यानंच जेवत असशील. तुला कोण धपाटा घालणार?"

"मम्मी, थोड़ा धीरे."

"लग्न छान झालं. पण सगळ्या मंगलाष्टकांत मी दाराकडे बघत होते. वाटलं, सुधीर शेवटच्या क्षणी येईल. त्याच्यामागे तू असशील. मग म्हटलं, हात मोडलेलं माणूस दोन दिवसांचा प्रवास कसं करेल. मी वेडीच आहे."

सानिकानं मान वर केली. आत्याची बोटं परातीत थांबली होती. खालून निखारा लागत होता तरी ती काढत नव्हती. फूफाजी हातातल्या गोळ्याकडे बघत होते, खात नव्हते. दारात पापा. कधी आले कळलं नाही. त्यांचा चेहरा तिनं असा एकदाच पाहिला होता, लग्नात, अनघादीदी मंडपात येत होती तेव्हा. तेव्हा तिला वाटलं होतं, बाप आहे, रडणारच.

घरातले सगळे एकाच वेळी गप्प होतात तेव्हा त्यांना काहीतरी एकच माहीत असतं.

"आई," सुचित्राचा आवाज बारीक झाला होता, "आता हात मोकळा झालाय तर एक ओळ लिही. वेडीवाकडी चालेल. पोस्टमन गुरुवारचं पत्र सोमवारी आणायचा, तर अजून दर सोमवारी अकरा वाजता मी फाटकाशी जाऊन उभी राहते. तो आता लांबूनच मान हलवतो. एक ओळ. नुसतं आशीर्वाद असं लिहिलंस तरी..."

"पापा," सानिका म्हणाली. "क्या हुआ है?"

"काही नाही," सरोज घाईनं म्हणाली. "सुचित्रा, पुढचं उद्या लिहा गं. पाक घट्ट होतोय, मला सांग बघू आता किती..."

"सरोज," चंद्रकांत म्हणाला. "बस."

त्याचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. पण बावीस वर्षांत त्यानं तिला दुसऱ्यांसमोर थांबवलं नव्हतं. सरोजनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा भावाकडे. मग हात परातीतून बाहेर काढला. बोटांची टोकं लाल झाली होती.

नंदकुमार येऊन पलंगाशी खाली बसला. सानिकाच्या मांडीवरचं पत्र त्यानं उचललं. वाचलं नाही, नुसतं धरलं.

"सुची, हे पाठवायचं नाही."

"का?"

"मिरजेच्या आई नाहीत."

"सुधीरकडे नाहीत? मग कुठे गेली? इस्पितळात?"

"सुची."

सुचित्रानं डोळे उघडले.

ती रडली नाही. सानिकाच रडायला लागली, तोंडावर हात दाबून, आणि आत्याजवळ न जाता पलंगाच्या पायाला चिकटली.

"बुधवारी," सुचित्रा म्हणाली. तिनं विचारलं नाही, सांगितलं.

नंदकुमारनं पत्र पलंगावर ठेवलं. "तुला... सुधीरनं कळवलं?"

"तुम्ही साडेचारला घरी आलात. मांडवातून कोणाशी न बोलता सरळ बाथरूममध्ये गेलात. डोक्यावरून अंघोळ केलीत. मी टॉवेल दिला. म्हणालात, ऑफिसात ग्रीस उडालं." ती हळूहळू बोलत होती, एकेक वस्तू अंधाऱ्या खोलीतून बाहेर आणून ठेवावी तशी. "तो शर्ट मी हातानं धुतला. ग्रीस शोधलं. पुढे, मागे, बाह्यांना. कुठेच नव्हतं. शर्ट हातात धरून मी उभी राहिले. विचारावं असं आलं होतं अगदी इथपर्यंत." तिनं डावा हात गळ्याशी नेला. "तेवढ्यात अनघानं हाक मारली, आई, मेंदीवाली आली. आणि मी शर्ट पिळला आणि वाळत घातला."



"मला माहीत नव्हतं हो," ती म्हणाली. "खरंच. आत्तापर्यंत मला तो शर्ट आठवतच नव्हता. मी खोटं नाही बोलत."

"माहीत आहे," नंदकुमार म्हणाला. "खोटं मी बोललो."

"सुचित्रा, त्याला बोलू नकोस," सरोज एकदम म्हणाली. "मी सांगितलं त्याला. सुतक लागलं असतं तर पोरीचं लग्न..."

"वन्सं, लग्न झालेल्या लेकीला तीन दिवसांचं असतं." सुचित्रा बोटांवर मोजू लागली. डाव्या हाताच्या, अंगठ्यानं. "बुधवार. गुरुवार. शुक्रवार. शनिवारी मी न्हाले असते. लग्न रविवारी होतं."

"शुक्रवारी देवक होतं," सरोज कसंबसं म्हणाली.

"शनिवारी बसवलं असतं."

एवढंच. आवाजही चढला नाही. सरोजला वाटलं, हिनं ओरडावं, परात फेकावी. तीन दिवस तिनं मोजलेच नव्हते. सुतक म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर एकदम उचललेली पानंच आली होती, तीस वर्षांपूर्वीची. त्या भीतीत तिनं दुसऱ्या बाईची आई दीड महिना जिवंत ठेवली होती.

ती उठली. शेगडीवर राख ओढली. परातीतला हलवा तसाच, बिनकाट्याचा, बाजूला सारला. मग सुचित्राजवळ जाऊन उभी राहिली, पण तिला शिवायचं धाडस झालं नाही.

"डोक्यावरून घे गं," ती एवढंच म्हणाली. "गार पाण्यानं नको. थंडी फार आहे."

*

बादलीत रॉड टाकून नंदकुमार बाथरूमच्या दाराशी उभा राहिला. पाणी उकळी फुटेपर्यंत तापलं तरी त्याच्या लक्षात आलं नाही, वाफेनं आरसा गेला तेव्हा त्यानं बटण बंद केलं.

सानिका मागून आली. तिचं नाक लाल होतं. "आपने मुझे भी नहीं बताया."

"हो."

"मैं वो चिट्ठी लिख रही थी, पापा. आप खड़े सुन रहे थे."

"हो," तो पुन्हा म्हणाला. ती आणखी काहीतरी बोलणार होती, मग टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकून गेली.

सुचित्रा आली. शाल काढून ठेवलेली. उजवा हात लोंबकळत होता, मनगटावर डॉक्टरांची रेघ अजून दिसत होती, फिकट. दारात ती थांबली.

"शेवटी काही म्हणाली का ती?"

"सुधीर म्हणाला, झोपेतच गेल्या. बुधवार होता. उशाशी अंतर्देशीय होतं. दुसऱ्या दिवशीसाठी."

"लिहिलेलं?"

"पत्ता घातला होता. आपला. आत कोरं."

सुचित्रानं मान हलवली. "ते मागवून घ्या," ती म्हणाली. "कोरंच पाठव म्हणावं."

"हो."

"आणि अनघापासून काही लपवायचं नाही. तिला यायचं तर येऊ दे. काळी साडी नसली तरी चालेल."

दार अर्धं लागलं. नंदकुमार बाहेर भिंतीला टेकला. सव्वीस वर्षांत या बाईनं पाण्यात आधी हात घालून बघितल्याशिवाय कधी अंगावर घेतलं नाही, हे त्याला माहीत होतं. उजवा हात. मुलींच्या अंघोळीचं पाणी तिनं तसंच बघितलं, त्याचं तापातलं पाणीही तसंच. आतून बांगड्यांचा आवाज आला, बादलीच्या काठाला लागल्याचा. मग काहीच नाही. सरोज, चंद्रकांत, सानिका, घरात कोणीच हलत नव्हतं.

"अहो."

"काय गं?"

"विसण घाला थोडं. चटका बसतोय."

बाहेरच्या नळाखालची गार पाण्याची बादली त्यानं उचलली. कुठल्या हाताला, हे अगदी ओठांवर आलं होतं. त्यानं विचारलं नाही. तोंड वळवलं, दार ढकललं आणि बादली आत सरकवली.

आतून आधी पाण्याचा आवाज आला. मग तिच्या रडण्याचा.